पांढरा ढीग

प्रिय ताई,

नव्या मोज्यात कागद सापडला म्हणून दचकू नकोस. आई बरी आहे, ओडिलिया बरी आहे, गाय व्यायला टेकली आहे आणि तीही ठीक आहे. मोजे आईने विणले, कागद मी घातला, आणि त्याविषयी आईला काही ठाऊक नाही. तारेवरच्या पाळण्यातून वर आलेले सामान भावोजीच उतरवून घेतात; परंतु पीठ, रॉकेल आणि तंबाखू पाहून घेतल्यावर बायकांच्या लोकरीच्या वस्तू ते न उलगडता तुझ्या अंगावर टाकतात, हे मी डोंगरावरच्या तुमच्या निवाऱ्यात उन्हाळे काढून पाहिले आहे. त्या एका सवयीच्या भरवशावर हे पत्र वर येत आहे. टेलिफोन करता आला असता. काल केलाही होता. तू बोललीस आणि मी हवापाणी विचारून ठेवून दिला. तुला वाटले असेल, प्लोना नेहमीसारखी लाजली. तसे नव्हते. तारेवर आपल्या दोघींखेरीज तिसऱ्या कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. पोस्टातल्या फिलोमेनाबाई जोडणी करून देतात आणि मग कान बाजूला घ्यायला विसरतात, हे साऱ्या रीडमाट गावाला माहीत आहे; पण त्या भावोजींच्या सख्ख्या आत्या आहेत, याला काही अर्थ असू शकेल, हे मला कालच प्रथम जाणवले. नंतर पोस्टात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “एवढंच बोलायचं होतं होय गं? उगाच तार तापवलीस. पुढच्या वेळी मला सांग, मी निरोप देईन तुझ्या ताईला.” हा निरोप त्यांच्याकडे द्यायचा नव्हता.

शनिवारी तू खाली येणार, या एकाच गोष्टीभोवती सध्या आपले घर फिरते आहे. ओडिलियाचा पांढरा झगा शिवून झाला. रविवारी पहिला ख्रिस्तप्रसाद घेताना जीभ नेमकी किती बाहेर काढायची, याचा सराव ती सुकवलेल्या नासपतीच्या चकत्यांवर करते आणि त्या निमित्ताने निम्मी बरणी तिने संपवली आहे. आई रागावली तर म्हणते, “मग काय, पाद्रीबाबांसमोर चुकू?” वाट बंद झाल्यापासून तिने तुला पाहिलेले नाही. काल झोपताना मला विचारले, “मावशी, आईला यायला उशीर झाला तर मला थांबता येईल का? सगळ्या मुली पुढे गेल्या तरी?” मी म्हटले, येईल. मग तिने विचारले, “पण ती येईलच ना?” मी तिच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. वर्गात उत्तर माहीत असूनही हात वर न करणारी मी, तू मागच्या बाकावरून माझ्या वतीने हात वर करायचीस. काल उत्तर मला खरोखरच माहीत नव्हते.

ईस्टरच्या सकाळचे वर्णन भावोजींनी तुला केले असेलच. माझे मी सांगते, मग दोन्ही जुळवून पाहा. मिस्सा संपून लोक पायऱ्यांवर उभे होते. डोंगर अर्ध्यापर्यंत ढगात होता, गेला आठवडाभर होता तसाच. तेवढ्यात भावोजी स्की खांद्यावर टाकून आले आणि टोपी काढून ओरडले, “थोरली आली! वाटेवर आडवी पडलीय. मी तिच्या पाठीवरून चालत आलो!” जो तो टोप्या उडवू लागला. अल्बान घंटावाला आनंदाने म्हणाला, “यंदा देवाबरोबरच उठली म्हण की बाई!” आणि तसाच मनोऱ्यात शिरून त्याने लहान घंटेचे तीन ठोके दिले. वाट उघडली. रीतीप्रमाणे पहिली खबर देणाऱ्याला चीजचे चाक मिळाले, ते भावोजींनी डोक्यावर घेऊन मिरवले. मी आईच्या मागे उभी होते. सगळे हसत होते आणि मला मात्र एकच गोष्ट खटकत होती: त्यांच्या बुटांना पाइनच्या पिवळ्या सुया चिकटल्या होत्या. चीजच्या चाकाकडे पाहणाऱ्याला बूट दिसत नाहीत. मला खाली पाहण्याची सवय आहे.

ताई, तुला आठवते, शाळेमागच्या बाकावर बाबा आपल्याला दुर्बीण देऊन बसवायचे? दरवर्षीचे दोन हिमलोट: डावीकडच्या घळीतून येते ती धाकटी आणि उजवीकडच्या कुशीतून येते ती थोरली. दोघींचा पाट खाली एकच, आणि आपली वाट त्या पाटातून आडवी जाते. धाकटी जुन्या बर्फावरून घसरत येते, म्हणून स्वच्छ, आणि बहुधा वाटेच्या वरच थांबते. थोरली मात्र थेट जमिनीवरून सुटते. गवत, माती, दगड, मोडलेल्या लार्च झाडांच्या फांद्या, सारे पोटात घेऊन तपकिरी होऊन येते. ती येऊन गेली की वर कोसळायला काही उरत नाही, म्हणून वाट तेव्हाच उघडते. एका वर्षी तिने तळच्या कुरणातले गवताचे खोपटे जागेवरून उचलून ओढ्यापलीकडे ठेवले, आणि आतली मांजर दार उघडल्यावर आळस देत बाहेर आली, यावर आपण किती हसलो होतो. बाबा मात्र त्या दिवशीही ढिगाशी गेले, हातमोजा काढून बर्फ उकरला आणि नाकाशी नेला. ओल्या मातीचा आणि डिंकाचा वास आला, तेव्हाच म्हणाले, “हं, हीच.” त्यानंतर घंटा. बाबा होते तोवर त्यांनी वास घेतल्याशिवाय अल्बानने दोरीला हात लावला नाही. बाबा गेले आणि ते काम कोणाच्याच नावावर राहिले नाही. आता जो आधी ओरडेल तो खरा.

त्या दुपारी भावोजी आपल्याकडे जेवायला होते. आईने कोकरू केले होते. मी वाढता वाढता, अगदी सहज विचारावे तसे विचारले, “भावोजी, ढीग कोणत्या रंगाचा होता?” मग हसून आईला म्हणाले, “ऐकलंत? मास्तरीणबाईंनी बर्फालाही परीक्षेला बसवलंय. रंग सांगा, वजन सांगा, वडिलांचं नाव सांगा!” ओडिलिया खिदळली, आई हसली, मीही हसले. पण उत्तर काही आले नाही. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटले, “नाही, बाबा नेहमी विचारायचे म्हणून.” तेव्हा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, “बाबा देवमाणूस होते, प्लोना. पण बाबांना निवारा चालवायचा नव्हता.” हे वाक्य माझ्या मनात तेव्हापासून खड्यासारखे टोचते आहे. निवाऱ्याच्या मालक मंडळींनी यंदाही ईस्टरला वाट बंद राहिली तर दुसरा माणूस पाहू, असे कळवले आहे, हे तू मला जानेवारीतल्या थंडीत लिहिले होतेस. शहरातले पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी येथे उतरणार आहेत आणि शनिवारी पहाटे वर निघणार आहेत, हे मला आता अल्बानकडून कळते. तू खाली येणार, ते वर जाणार, आणि गाठ पडणार ती नेमकी पाटात.

भावोजी सोमवारी दुपारी परत निघाले. ओडिलियाचा पापा घेतला, आईला नमस्कार केला आणि मोठ्याने म्हणाले, “जातो बुवा थोरलीच्या पाठीवरून!” मंगळवारी सकाळी, बर्फाचे कवच अजून कडक होते तेव्हा, मी शाळेपूर्वी वाटेने वर गेले. घाबरू नकोस, ढिगाच्या खूप अलीकडे थांबले. खात्री झाल्याशिवाय पाटात शिरायचे नाही, हा बाबांचा नियम मोडला नाही. ढीग खरोखरच वाटेवर आडवा पडला होता आणि खरोखरच मोठा होता. आणि ताई, तो पांढरा होता. दुर्बिणीतून टोकापासून टोकापर्यंत पाहिले: एक ढेकूळ नाही, एक फांदी नाही. वाटेने माझ्यापर्यंत घरंगळत आलेला एक गोळा उचलून नाकाशी नेला. त्याला कसलाच वास नव्हता, नुसता पाण्याचा. यंदा बर्फ इतका पडला की धाकटीच वाट ओलांडून थोरलीच्या जागेपर्यंत पोहोचली असावी. त्याहून मला अधिक भिवविले ते दुसऱ्या गोष्टीने. ढिगाच्या अलीकडचा बर्फ सपाट आहे. दुपारी मऊ होतो आणि पहाटे गोठतो, त्यामुळे त्यावरून कोणी गेले तर खूण साच्यात ओतल्यासारखी राहते. नवीन हिमवर्षाव झालेला नाही. तेथे एका सशाच्या पावलांखेरीज काही नव्हते. वर जाणारी स्कीची रेघ नाही आणि ईस्टरला खाली आलेलीही नाही. परतताना मी गिरणीमागून आले. तेथून रानाच्या खांद्याकडे दोन रेघा गेल्या होत्या, एक येणारी आणि एक जाणारी.

रानातली वाट अर्धा दिवस खाते हे तुला मी सांगायला नको. ज्या रानात आपल्या पणजोबांच्याही आधीपासून कोणी कुऱ्हाड नेली नाही, कारण तीच झाडे गावावरचा बर्फ धरून ठेवतात, त्या गच्च रानातून उघडलेली वाट सोडून मुद्दाम कोण जाईल? थोरली आली असेल, तर तिच्या पाठीवरून न जाता ते इतका वळसा का घेतात? मी स्वतःशी त्यांची बाजू घेऊन पाहिली. त्या रेघा वनरक्षकाच्या असतील. पाइनच्या सुया सरपणाच्या असतील. रंगाचे उत्तर त्यांनी थट्टेत सोडून दिले असेल. प्रत्येक गोष्टीला वेगळे कारण सापडते, आणि सगळ्या गोष्टींना मिळून एकच सापडते.

मी आईला थोडेसे सांगून पाहिले. ती विणत होती. म्हणाली, “जावई आहे तो आपला. तुझ्या पुस्तकातला चोर नाही.” मग एक टाका चुकला, तो उसवता उसवता म्हणाली, “आणि असं काही असतं तर त्यानं तिला नसतं का सांगितलं?” हाच प्रश्न, ताई, मला नीट झोपू देत नाही. अल्बानकडेही गेले. दारातच उभी राहिले. तो म्हणाला, “बोल की, माझी बायको काही चावत नाही.” मी म्हटले, ढीग पांढरा आहे आणि त्याला मातीचा वास नाही. त्याने पाइप खरवडला. “पोरी, घंटा वाजली. वाजलेली घंटा परत गिळता येते का? तुझे वडील असते तर गोष्ट वेगळी. आता एका शिक्षिकेच्या नाकावर मी गाव बंद करू? लोक म्हणतील, दोघांनाही सर्दी झाली.” तो वाईट माणूस नाही. जाताना त्याने हळूच विचारले, “रानबकऱ्या उतरल्यात का तिथं? पाहिलंस?” थोरली येऊन गेली की मागे उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळे गवत खायला रानबकऱ्या दुसऱ्याच दिवशी उतरतात, हे त्यालाही बाबांनीच शिकवले होते. मी म्हटले, ढग आहे, दिसत नाही. तो म्हणाला, “मग दिसेपर्यंत मला काही विचारू नकोस.”

आज सकाळी दिसले. मुले प्रार्थना म्हणत होती आणि खिडकीतून अचानक ऊन आत आले. मी त्यांना उजळणी लिहायला सांगून दुर्बीण घेऊन शाळेमागच्या बाकावर गेले. ढग थोडाच वेळ वर उचलला गेला, पण तेवढे पुरेसे होते. उजवी कूस पूर्ण भरलेली आहे, ताई. गवताचे पाते उघडे नाही, बकरी एक नाही. आणि वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, कुशीच्या रुंदीभर, तपकिरी चीर पडली आहे. दोन्ही टोके खाली वळलेली, माशाने तोंड उघडावे तशी. खालचा सगळा बर्फ सुरकुतला आहे. नोव्हेंबरात जमीन गोठण्याआधीच पहिला मोठा बर्फ पडला होता, तेव्हा मीच तुला लिहिले होते की यंदा बटाट्याची ढेकळेही मऊ आहेत. त्या उबदार जमिनीवर तो हिवाळाभर नुसता बसून होता, आणि आता दक्षिणेचा वारा सुरू झाल्यापासून त्याच्या तळाला पाणी सुटले आहे. तू म्हणशील, आम्ही पहाटे निघू, कवच कडक असताना ओलांडू. धाकटीसाठी ते चालते. थोरली वरच्या कवचाला विचारत नाही. ती खालून सुटते, पहाटे काय आणि भर दुपारी काय. हे मी वर्गात मुलांना शिकवते, आणि माझ्या बहिणीला मोज्यातून सांगते आहे.

म्हणून आता नीट ऐक. शनिवारी तू पाटातून यायचे नाही. कारण विचारले तर सांग, ओडिलियासाठी तू रानातल्या क्रुसाला नवस बोलली आहेस आणि ख्रिस्तप्रसादाआधी तेथे मेणबत्ती लावायची आहे. नवसाला कोणी आडवे येत नाही, आणि मेणबत्ती दुसऱ्या मोज्यात आहे, म्हणजे ते खोटेही ठरणार नाही. पण तू हे बोलण्याआधी थोडे थांबून पाहा. भावोजींनीच आपण होऊन, कोणत्याही सबबीवर, “रानातून जा” असे तुला म्हटले, तर समज की त्यांना सगळे माहीत आहे, आणि निदान तुझ्यापुरती त्यांना काळजी आहे. आणि त्यांनी तसे म्हटले नाही, तर... हे वाक्य मी दोनदा लिहून खोडले. तू त्यांच्याबरोबर राहतेस. ते पुरे करायचे की नाही, हे तू ठरव.

आता हे पत्र कशासाठी ते. तुला वाचवण्यापुरते एवढे न लिहिताही चालले असते. मेणबत्तीबरोबर दोन ओळी पुरल्या असत्या. पण शहरातल्या त्या पाहुण्यांना नवस नाही आणि सावध करणारी बहीणही नाही. ते घंटेवर विश्वास ठेवून पहाटे निघतील. त्यांच्याआधी वाटेला कोणाचे काम नाही, ही एकच सवड आहे. शुक्रवारी दुपारी अल्बान गोठ्यात असतो आणि मनोऱ्याची किल्ली खिळ्याला असते. हिवाळा सुरू होताना वाट बंद करण्यासाठी जी घंटा न थांबता वाजवतात, ती मी वाजवणार आहे. एकदा उघडलेली वाट वसंतात कोणी पुन्हा बंद केल्याचे आपल्या गावात कोणाला आठवत नाही. सारे धावत येतील, फिलोमेनाबाई सर्वांत आधी, आणि विचारतील, हिला काय माहीत. तेव्हा मला सांगायला एक गोष्ट हवी आहे, जी फक्त तुला माहीत आहे: सोमवारी संध्याकाळी भावोजी घरी आले ते पुढच्या दाराने, वाटेवरून, की मागच्या दाराने, रानातून? लिहू नकोस, टेलिफोनवर तर बोलूच नकोस. पाव ज्या फडक्यात पाठवला आहे ते रिकाम्या पाळण्यातून खाली येईल. पुढचे दार असेल तर नुसती घडी घाल. मागचे असेल तर एका कोपऱ्याला गाठ मार. तो तुझा नवरा आहे, ओडिलियाच्या झग्याची बटणे त्यानेच शहरातून आणली, आणि गाठ मारणे किती अवघड आहे हे मला कळते. म्हणून घडी आली तरी मी तुला कधी काही विचारणार नाही. घंटा मात्र दोन्ही वेळा वाजेल. गाठ आली, तर मागच्या बाकावरून तूही हात वर केला आहेस असे समजून मी दोरी ओढीन. घडी आली, तर एकटीच ओढीन, दोन्ही हातांनी.

तुझीच, उत्तर येत असूनही आजवर गप्प बसलेली,
प्लोना